लेआउट मंजुरीला देण्याआधी उन्हाचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या हद्दीलगत सहकारी गृहनिर्माण संस्थेची चार एकर जमीन आहे, सभासद १२०, आणि घरांचं वीजबिल कमी यावं अशी सगळ्यांची इच्छा आहे. आर्किटेक्ट म्हणतात, "ऊर्जेचं नंतर बघू. एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) ब्लॉक, चांगली काच, गच्चीवर सोलर टाकलं की झालं. लेआउटचा त्याच्याशी काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो पैशांपेक्षा दुरुस्तीच्या शक्यतेशी जास्त आहे. पंखे पाच वर्षांनी बदलता येतात, सोलर दहा वर्षांनीही बसवता येतं, काचेला फिल्म कधीही लावता येते. पण रस्ता कुठून गेला, इमारतीची लांब बाजू कोणत्या दिशेला आली, दोन इमारतींत किती अंतर राहिलं, झाडाला माती मिळाली की पेव्हर ब्लॉक, हे एकदा नकाशावर मंजूर झालं की इमारत उभी असेपर्यंत तसंच राहतं. म्हणून तुमचा खरा प्रश्न असा आहे: मंजुरीनंतर बदलता न येणारे निर्णय कोणते, आणि ते आत्ता कसे घ्यायचे?

आधी एक स्पष्ट करतो. जमिनीचा आकार, उतार, पोहोच रस्ता कोणत्या बाजूला, मधून डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) जातो का, उच्चदाब वाहिनी आहे का, यांवर बरंच अवलंबून आहे. खाली जे आकडे देतोय ते जमीन साधारण चौकोनी आहे असं धरून. आणि ते सोलापूरसाठी, म्हणजे उष्ण-कोरड्या हवेसाठी आहेत. हेच उत्तर रत्नागिरीला देऊ नये. तिथे घाम वाळायला दिवसभर वारा लागतो, त्यामुळे इमारती विरळ आणि वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्या लागतात. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारचा वारा घरात घ्यायचाच नसतो. दिवसा सावली आणि रात्री वारा, असं इथलं गणित. जाड दगडी भिंती, लहान खिडक्या आणि वर मातीचं माळवद असलेली इथली जुनी घरं याच गणितावर उभी आहेत.

पहिला निर्णय दिशेचा. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२२ तारखेला मध्यान्हीचा सूर्य ७२ अंशांवर असतो, डिसेंबरमध्ये ४९ अंशांवर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो थेट डोक्यावर येतो, त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीला किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. हे बहुतेकांना खरं वाटत नाही, कारण "दक्षिण म्हणजे ऊन" असं डोक्यात बसलेलं असतं. घर तापवते ती पश्चिम, आणि सकाळी पूर्व.

छज्जाचा हिशोब करून पाहा. १.२ मीटर उंचीची खिडकी आणि वर ६० सेंटिमीटरचा छज्जा घ्या. दक्षिणेला मार्चमध्ये हा छज्जा १.८ मीटर खालपर्यंत सावली देतो, म्हणजे पूर्ण खिडकी झाकली गेली. डिसेंबरमध्ये वरचा ७० सेंटिमीटर भाग सावलीत, खालून थोडं कोवळं ऊन आत. ते हवंच असतं. आता तीच खिडकी पश्चिमेला न्या. मेच्या मध्यावर सूर्यवेळेनुसार दुपारी चार वाजता हाच छज्जा फक्त ४० सेंटिमीटर सावली देईल. पूर्ण खिडकी झाकायला १.८ मीटरचा छज्जा लागेल, आणि पाच वाजता ३.३ मीटरपेक्षाही मोठा. असा छज्जा कुणी बांधत नाही. म्हणून पश्चिमेची खिडकी छज्जाने वाचत नाही, ती लेआउटमध्येच टाळावी लागते. (सोलापुरात घड्याळ सूर्यवेळेच्या सुमारे २५ मिनिटं पुढे असतं, त्यामुळे हे "चार" म्हणजे घड्याळात साडेचारच्या आसपास.)

त्यामुळे इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरलेली हवी, म्हणजे लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला तोंड करतील. समजा, एक इमारत ३५ मीटर लांब, १२ मीटर रुंद. ती नीट ठेवली तर पूर्व आणि पश्चिम मिळून प्रत्येक मजल्यावर २४ मीटर भिंत उन्हात येते. तीच ९० अंशांत फिरवली तर ७० मीटर. सिमेंट तेच, विटा त्याच, खर्च तोच, पण तापणारी भिंत जवळपास तिप्पट. रस्ता तिरका असेल तर इमारत १५ अंशांपर्यंत वळवायला हरकत नाही. ३० अंशांपलीकडे गेलात तर या मांडणीचा फायदा झपाट्याने कमी होतो.

उत्तरेच्या खिडक्यांबद्दल एक बारीक गोष्ट राहते. मे ते जुलै संध्याकाळचं ऊन वायव्येकडून येतं, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही तिरपा किरण शिरतो. खिडकीच्या पश्चिम कडेला ३० सेंटिमीटरची उभी फिन, म्हणजे भिंतीबाहेर आलेली पट्टी, काढली तर ती पाऊण ते एक मीटर रुंदी झाकते. स्वस्त काम आहे. नकाशात दाखवलं नाही तर साइटवर हमखास गाळलं जातं.

वास्तूचा मुद्दा तुमच्या बैठकीत येणारच, तो टाळू नका. घराचं दार कुठे उघडतं आणि इमारत कशी पसरते हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जिन्याच्या मोकळ्या जागेतून दार पूर्वेला उघडता येतं आणि इमारत तरीही पूर्व-पश्चिम राहते. अडचण येते ती नैऋत्येच्या शयनगृहाची, कारण संध्याकाळी तीच खोली सगळ्यात जास्त तापते. तिथे वाद घालण्यापेक्षा पश्चिमेच्या भिंतीवर खिडकी देऊ नका, ती भिंत पूर्ण कपाटाची करा आणि खिडकी दक्षिणेला घ्या. टोकाच्या घरांत जिना, न्हाणीघर, स्टोअर पश्चिमेला ढकलता आलं तर आणखी उत्तम.

याला जोडूनच घरांची रचना. एका जिन्याला चार घरं दिली की प्रत्येक घर एका कोपऱ्यात अडकतं, दोन घरांना उत्तरेची बाजू मिळते, दोन घरांना मिळत नाही, आणि आरपार वारा कुणालाच नीट नाही. एका जिन्याला दोन घरं द्या, असे दोन जिने एका इमारतीत घ्या. चार घरं एका ओळीत बसतात आणि प्रत्येकाला उत्तर व दक्षिण दोन्ही मिळतात. जिन्याचा खर्च वाढतो हे खरं आहे. पण रात्री दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडल्या की भिंतींमध्ये दिवसभर साठलेली उष्णता बाहेर जाते. एकाच बाजूला खिडक्या असलेल्या घरात ती पहाटेपर्यंत तशीच राहते, आणि एसी रात्रभर चालतो तो याच उष्णतेसाठी.

आता अंतर. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत उंच इमारतींसाठी बाजूचं सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) उंचीच्या पाचव्या हिश्श्यावर ठरतं. २४ मीटर उंचीला ते पाच मीटरच्या आसपास येतं. हे किमान आहे, आणि बहुतेक लेआउटमध्ये तेच सगळीकडे सारखं वापरलेलं दिसतं. ते दिशेनुसार वेगळं ठेवा. शेजारी-शेजारी उभ्या इमारतींच्या पूर्व-पश्चिम टोकांमध्ये नियमाएवढंच अंतर ठेवा, त्या एकमेकींवर सावली धरतील. उत्तर-दक्षिण अंतर मात्र मोठं हवं. डिसेंबरच्या मध्यान्ही सावली उंचीच्या ०.८७ पट पडते. १५ मीटरच्या इमारतीमागे १२ मीटर मोकळे ठेवले तर पार्किंगवरच्या पहिल्या मजल्यालाही हिवाळ्यात ऊन मिळतं. अग्निशमन गाडीला लागणारी पट्टी याच १२ मीटरमध्ये बसवा, आणि अग्निशमन विभागाची ना-हरकत मिळेपर्यंत तिथे झाडांचे खड्डे आखू नका. नंतर तीच झाडं पहिली कापली जातात.

एक चूक वारंवार दिसते, ती डक्टची. न्हाणीघरांसाठी ठेवलेल्या दोन-अडीच मीटरच्या डक्टमध्ये, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या उभ्या पोकळीत, एसीचे बाहेरचे युनिट टांगले जातात. खालच्या युनिटची गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्यांचे युनिट तीच हवा ओढतात. कंप्रेसर जास्त चालतो, थंडावा कमी मिळतो. सभासद आज एसी घेणार नसले तरी दहा वर्षांत घेतील असं धरा, आणि युनिटसाठी उत्तर बाजूला बाल्कनीलगत उघड्या हवेत कप्पा दाखवा.

उंची किती घ्यायची? इथे मी थोडं थांबून लिहितो, कारण चार एकरांवर १२० घरांसाठी तुमच्याकडे निवड खरोखर आहे.

पार्किंग अधिक चार मजले अशा आठ इमारती घेतल्या, प्रत्येकीत १६ घरं, तर १२८ घरं होतात. पायाखालची जागा ८ गुणिले ४२० म्हणजे ३,३६० चौरस मीटर. चार एकर म्हणजे सुमारे १६,१९० चौरस मीटर, त्याचा पाचवा हिस्सा. दुसरा पर्याय पार्किंग अधिक सात मजले, एका इमारतीत २८ घरं, पाच इमारती, १४० घरं. जमीन जास्त मोकळी राहते, म्हणून तोच "हिरवा" वाटतो.

पण गच्ची मोजा. पहिल्या पर्यायात एका घराच्या वाट्याला २६ चौरस मीटर गच्ची येते. टाक्या, जिन्याची खोली, कठड्याची सावली, चालायची वाट वगळली तर निम्मी हाताशी उरते, १३ चौरस मीटर. एक किलोवॉट सोलरला साधारण १० चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते, म्हणजे १.३ किलोवॉट. दिवसाला सरासरी चार युनिट प्रतिकिलोवॉट धरले तर महिन्याला १५० युनिटच्या आसपास. सात मजल्यांत हाच वाटा १५ चौरस मीटर गच्ची, पाऊण किलोवॉट, महिन्याला ९० युनिट. साध्या घराची वर्षभराची गरज पहिल्या पर्यायात जवळपास भागते, दुसऱ्यात नाही. हा फरक कोणत्याही पॅनेलच्या ब्रँडने भरून निघत नाही, तो मजल्यांच्या संख्येने ठरलेला असतो.

उलट बाजूही सांगतो. चार मजल्यांत दर चौथं घर गच्चीखाली येतं, सात मजल्यांत दर सातवं. म्हणून कमी उंची घेतलीत तर गच्चीचं इन्सुलेशन टाळता येणार नाही. नुसत्या ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांच्या) कोब्याने पाणी अडतं, उष्णता पुरेशी अडत नाही. जलरोधक थरावर ४० मिलिमीटरचे एक्सपीएस (घट्ट फोमचे) बोर्ड, वर कोबा आणि पांढरी चिनी मोझॅक, असा क्रम ठेवा. बोर्डांचे सांधे उघडे राहिले की त्या रेषांतून उष्णता उतरते, म्हणून सांधे एकमेकांना घट्ट भिडवून टेप लावून घ्या. लिफ्टबद्दल म्हणाल तर चार मजल्यांनाही ती असावी असं माझं मत आहे. वृद्ध सभासदांना जिन्यावर अडकवून वाचवलेली वीज मला नको वाटते.

इमारती वेगवेगळ्या उंचीच्या होणार असतील तर उंच उत्तरेला आणि बुटक्या दक्षिणेला. उलट झालं तर हिवाळ्यात बुटक्या गच्च्या सावलीत जातात. सौरपॅनेलच्या एका ओळीवर सकाळी दोन तास सावली पडली तरी त्या साखळीतल्या बाकीच्या पॅनेलचंही उत्पादन घसरतं. सामाईक दिवे, पंप, लिफ्ट यांच्या सोलरसाठी पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना प्रतिकिलोवॉट १८,००० रुपये अनुदान ठरलेलं आहे. अर्जाच्या वेळी चालू दर पाहून घ्या.

पाण्याचा हिशोब सोलापुरात ऊर्जेपासून वेगळा काढता येत नाही. १२० घरं, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर म्हणजे रोज ८१,००० लिटर. चार मजल्यांच्या पर्यायात ते २२ मीटर वर चढवायला पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली तर दिवसाला सुमारे १२ युनिट लागतात, सात मजल्यांना १७. हा फरक फार मोठा नाही, त्यावर उंचीचा निर्णय घेऊ नका. जास्त महत्त्वाचं हे की जमिनीखालची टाकी नळजोडणीच्या प्रवेशाजवळ आणि जमिनीच्या खालच्या अंगाला ठेवा, म्हणजे कमी दाबाचं पाणी आपसूक टाकीत उतरेल आणि त्यासाठी वेगळा पंप लागणार नाही. दुसरं, सौर बंबाच्या पाइपची लांबी. १५ मिलिमीटरच्या पाइपमध्ये मीटरमागे ०.१८ लिटर पाणी मावतं. २५ मीटर खाली आलेल्या पाइपमधून गरम पाणी येण्याआधी साडेचार लिटर थंड पाणी वाहून जातं, घरटी, रोज, प्रत्येक वापराला. न्हाणीघरं एकावर एक आणि बंबाच्या सरळ खाली आणा, पाइपला इन्सुलेशन द्या.

सांडपाणी प्रक्रियेचं पाणी झाडांना. आणि ती झाडं कुठे, हा लेआउटचा प्रश्न. ०.४ हेक्टरवरच्या लेआउटला १० टक्के ओपन स्पेस सोडावी लागते, तुमच्याकडे ती १,६०० चौरस मीटरच्या वर जाते. ती सहसा शेवटी उरलेल्या वेड्यावाकड्या कोपऱ्यात टाकली जाते. ती पश्चिम अंगाला, इमारतींच्या टोकांसमोर घ्या. कडुनिंब आणि करंज या हवेत तग धरतात. पश्चिम टोकापासून पाच-सहा मीटरवर ओळ लावा. काळ्या मातीत त्याहून जवळ नको, मुळं माती सुकवतात आणि पायाला तडे जायची भीती असते. खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल, भोवती किमान दीड मीटर माती उघडी. पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडवले की झाड पाच वर्षांत खुरटतं. दुपारी तापलेले पेव्हर रात्री उष्णता सोडतात, त्यामुळे खालच्या मजल्यांना रात्रीचा थंड वारा मिळत नाही. गाड्या इमारतीखाली गेल्या की ही फरसबंदी निम्म्याने कमी करता येते, म्हणून मी पार्किंगचा मजला ठेवायला सांगतो.

लेआउटबाहेरची एक गोष्ट बहुतेक कुणी विचारत नाही, ती म्हणजे कामाला जायचं अंतर. रोज १२ किलोमीटर जाऊन-येऊन म्हणजे २४ किलोमीटर, दुचाकीला लिटरला ४५, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पेट्रोल. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिटएवढी ऊर्जा असते. महिन्याचे २५ दिवस धरले तर १२० युनिट! गच्चीवरच्या तुमच्या वाट्याच्या सोलरने जे कमावलं, त्यातलं बहुतेक एका गाडीत जळलं. जमीन घेऊन झाली आहे, ती हलवता येणार नाही. पण बसथांब्याच्या बाजूला पायी जायचं वेगळं फाटक, तिथपर्यंत सावलीची पदवाट, आणि रस्त्याकडेला किराणा, दवाखाना, पाळणाघरासाठी चार-सहा गाळे, हे नकाशावर आत्ता दाखवता येतं. एकच मुख्य फाटक दूरच्या टोकाला ठेवलं की दुधाच्या पिशवीसाठीही गाडी निघते.

आर्किटेक्टांकडे मागायच्या गोष्टी आता सांगतो. इको-निवास संहिता या नावाची घरांसाठीची ऊर्जा संहिता ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये आणली. तिच्या २०१८ च्या आवृत्तीत भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा, आरईटीव्ही, प्रतिचौरसमीटर १५ वॉट आहे, छताच्या यू-मूल्याचा (छतातून उष्णता किती सहज आत येते त्याचा) कमाल आकडा १.२, आणि उष्ण-कोरड्या हवेत उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १० टक्के. आरईटीव्हीच्या सूत्रात प्रत्येक दिशेचा वेगळा गुणांक असतो, म्हणून तीच इमारत फिरवली की आकडा बदलतो. त्यांना सांगा, ही एक्सेलची आकडेमोड इमारतीच्या दोन दिशा आणि दोन भिंती (विटांची आणि एएसीची) अशा चार प्रकारे करून द्या. त्याबरोबर २१ मार्च, १५ मे आणि २१ डिसेंबर, सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ अशा नऊ सावल्यांचे नकाशे. साध्या त्रिमिती सॉफ्टवेअरमध्ये हे एका दिवसाचं काम आहे. हे दोन कागद हातात असल्याशिवाय लेआउटवर सही करू नका.

एएसी ब्लॉक, चांगली काच, सोलर यांना माझा विरोध नाही, तिन्ही घ्या. पण पश्चिमेला तोंड केलेल्या इमारतीत महागडी काच लावून जे मिळवायचं ते नीट ठेवलेल्या इमारतीत साध्या काचेने मिळतं, आणि वाचलेले पैसे गच्चीच्या इन्सुलेशनला पुरतात.

जमिनीची लांबी-रुंदी, उत्तर दिशेचा बाण, पोहोच रस्त्याची बाजू आणि रुंदी, उतार कोणत्या अंगाला, आणि लेआउट आधीच नगररचना विभागात दाखल झालाय का, एवढं लिहिलंत तर आठ इमारती त्यात कशा बसतील ते रेखाटून सांगता येईल. दाखल झाला असला तरी मंजुरीच्या आधी सुधारित नकाशा देता येतो, फक्त आठवडाभरात ठरवा. जमीन उत्तर-दक्षिण लांब आणि अरुंद असेल तर वरची मांडणी तशीच्या तशी चालणार नाही. मग इमारतींची लांबी ३५ ऐवजी २० मीटरवर आणून, एका जिन्याला दोन घरं ठेवून, संख्या वाढवावी लागेल.